मोहरी जमिनीत फेसायची असते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून ठेवतो. बावधनला बंगल्यामागे तुमची जेमतेम अर्धा गुंठा जागा. खाली मुरुमाचा भराव, वर दोन ट्रॉल्या काळी माती. गेली दोन वर्षं टोमॅटोची झाडं दीड-दोन फुटांवर जाऊन थांबतात, दुपारी माना टाकतात, उपटून पाहिलं तर मुळांना गाठीच गाठी. मोहरी पेरून ती गाडली की जमीन शुद्ध होते असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. म्हणून तुम्ही विचारलंत की डब्यातली मोहरी चालेल का, कधी पेरायची, पाला खाता येतो का, आणि भाजी खाऊन उरलेली झाडं गाडली तर काम होतं का.

पहिल्या तिन्हींची उत्तरं सोपी. डब्यातली चालते. पेरणी दसरा ते दिवाळी. पाला खाता येतो आणि चवीलाही छान लागतो. अडचण चौथ्या प्रश्नात आहे. मोहरीच्या नादी लागून निराश झालेली जी माणसं मी पाहिली, त्यातली बहुतेक तिथेच अडकली होती. काही वर्षं मीही.

दिवे घाटाच्या अलीकडे माझा भाजीचा मळा आहे. पंचवीसेक वर्षं झाली, त्यातली पंधरा-सोळा मोहरीसोबत. तेव्हा पाठ्यपुस्तकातलं कमी आणि मळ्यातलं जास्त सांगतो.

आधी स्वयंपाकघरात चला. लोणच्याला किंवा केळ्याच्या कोशिंबिरीला मोहरी फेसताना तुम्ही पाहिली असेल. आमची आजी पाट्यावर मोहरी घ्यायची, वरून पाण्याचा हबका मारायची आणि एकाच दिशेने फेसत राहायची. बघता बघता असा झणका उठायचा की ओटीवर बसलेल्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आता तीच मोहरी कोरडी कुटून बरणीत ठेवा, वास जवळजवळ येत नाही. तीच कडकडीत तेलात टाका, तडतडते, खमंग होते, पण झोंबत नाही. दाणा तोच, मग फरक कशाने पडला? मोहरीत सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य एका जागी साठवलेलं असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या जागी. पेशी फुटल्या आणि पाणी मिळालं की दोन्ही एकत्र येतात आणि नाकात जाणारं ते तिखट तेल तयार होतं. त्याचं नाव ॲलिल आयसोथायोसायनेट. पाणी नसेल तर गाडी सुरूच होत नाही, आणि तापलेल्या तेलात विकर मरून जातं.

पानांत, दांड्यांत, मुळांतही हीच यंत्रणा असते. जमीन ‘शुद्ध’ करण्याचं जे काम मोहरीच्या नावावर सांगतात, ते हे झणक्याचं तेल करतं. उभं पीक ते करत नाही. मोहरी नुसती उगवून फुलली म्हणून सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून गाठी करणारे सूक्ष्म कृमी, पळून जात नाहीत. झाड बारीक ठेचलं गेलं पाहिजे, त्याला पाणी मिळालं पाहिजे आणि उठलेला झणका हवेत न जाता मातीत राहिला पाहिजे. थोडक्यात, ती जमिनीत फेसायची असते. लोक करतात काय, तर विळ्याने कापतात, दोन दिवस उन्हात सुकू देतात, मग सवडीने मातीत ढकलतात. त्याचं खत होतं, झणका होत नाही.

हे कळायला मला तीन हंगाम लागले.

आता गाठींबद्दल. मोहरीचं बी आणण्याआधी त्या गाठी सूत्रकृमींच्याच आहेत ना, हे बघा. चवळी, घेवडा, भुईमूग यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात आणि त्या चांगल्या असतात. नखाने ओढली तर ती गाठ मुळापासून सुटून येते, आत गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच तिथे सुजलेलं असतं, हळकुंडासारखं. टोमॅटोच्या मुळांवर नत्राच्या गाठी येतच नाहीत, तेव्हा तुमच्याकडचा प्रकार बहुधा सूत्रकृमीचाच. पण एक झाड मुळांसकट हळूच खणून, बादलीत धुऊन पाहा. नुसतं उपटलंत तर गाठी मातीतच तुटून राहतात.

आणि स्पष्टच सांगतो. सूत्रकृमीसाठी मोहरी हा एकमेव उपाय नाही, आणि माझ्या मते पहिलाही नाही. प्रयोगशाळेतल्या बरणीत तिचं तेल सूत्रकृमी हमखास मारतं, शेतात मात्र निकाल कधी छान, कधी अर्धवट, कधी शून्य. जमिनीचा प्रकार, ओल, पाल्याचं वजन, ठेचण्याचा बारीकपणा, सगळ्यावर ते अवलंबून. शिवाय मोहरीच्या मुळांवर या सूत्रकृमी स्वतः पोसल्याही जातात. ऊबदार मातीत त्यांची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. म्हणजे मोहरी तीन-साडेतीन महिने उभी ठेवलीत तर शत्रूला जेवण घालून पाठवलंत. थंड देशांत माती गार असल्यामुळे हा धोका कमी. पुण्यात डिसेंबरमध्ये पाषाण-शिवाजीनगरला पारा १० च्या खाली गेल्याची बातमी छापून येते, पण ते हवेचं तापमान. चार-सहा इंचांवरची माती तेवढी गारठत नाही.

परदेशी बागकामाची माहिती वाचून आपल्याकडे मोहरी करणाऱ्यांची फसगतही इथेच होते. तिकडे उन्हाळा संपता संपता पेरतात, पावसावर वाढते, कडाक्याच्या थंडीत बर्फाने आपोआप मरते आणि वसंतात नुसती मातीत मिसळायची. आपल्याकडे हिमतुषार नाही, त्यामुळे ती आपणहून मरत नाही, आणि ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, त्यामुळे पाणी दिल्याशिवाय वाढत नाही. पुण्यात मोहरीला पाणी आणि विळा दोन्ही तुमच्याच हातचं.

तुमच्या जागी मी वर्षाचा फेरा असा लावला असता. जून-जुलैत झेंडू, विरळ नाही, दाट, सगळ्या वाफ्यात फूट-सव्वा फुटावर. झेंडूच्या मुळांतून सूत्रकृमीला मारक द्रव्य झिरपतं, पण त्याला दोन-अडीच महिने आणि भरगच्च लागवड लागते. टोमॅटोच्या कडेला चार रोपं लावून ते होत नाही. दसऱ्याला तोरणाची फुलं घरची निघतात आणि झाडं जमिनीलगत कापून मुळं तशीच आत राहू द्यायची. झेंडू नको असेल तर ताग. तागाने नत्रही मिळतं आणि सूत्रकृमीलाही तो फारसा मानवत नाही. चवळी-मूग मात्र या जागेत हिरवळीसाठी नको, त्यांच्या मुळांवर गाठी होतात, त्याही वाईटवाल्या. मग ऑक्टोबरात मोहरी, डिसेंबरच्या सुरुवातीला गाडणी, जानेवारीत टोमॅटो, आणि टोमॅटो एप्रिलअखेर काढून मे महिनाभर ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं. पुण्याच्या उन्हाळ्याला आपण शिव्या घालतो, पण त्या प्लास्टिकखाली तो फुकटात मोठं काम करतो. कडा मातीने दाबून हवाबंद केल्या पाहिजेत, आणि काळं प्लास्टिक नको.

या फेऱ्यात मोहरी एक गडी आहे. तिच्या बेवडावर, म्हणजे तिच्या पाठोपाठ त्याच जमिनीत, टोमॅटो चांगला येतो हे मी दरवर्षी बघतो, पण श्रेय तिला एकटीला देत नाही.

आता बी. वाण्याकडे दोन-तीन प्रकार दिसतात. आपल्या फोडणीची काळपट-तपकिरी मोहरी, मग ती बारीक असो वा जाड, बहुतेक वेळा ब्रासिका जुन्सिया या जातीची असते. सिनिग्रिन हिच्यातच भरपूर, म्हणून आपल्या कामाची हीच. पिवळी मोहरी किंवा पिवळी सरसों म्हणून जे मिळतं ते वेगळ्या जातींचं असतं. त्यांतल्या एका, म्हणजे खऱ्या पांढऱ्या मोहरीतलं तिखट द्रव्य उडून मातीत पसरणारं नसतं. हिरवळीचं खत म्हणून ती उत्तम, झणक्यासाठी कमी. हल्ली तेलासाठी गोड्या मोहरीचे वाण निघालेत, पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१ हा त्यातलाच. पेंड जनावरांना सोसावी म्हणून त्यात ही तिखट द्रव्यंच मुद्दाम कमी केलीत. तेलाला छान, आपल्याला निरुपयोगी. जुने पुसा बोल्ड, वरुणा असे वाण मिळाले तर बिनधास्त घ्या.

डब्यातली वापरायची असेल तर आधी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंधराच्या वर उगवले तर पेरा. दोन दिवाळ्या पाहिलेली मोहरी फोडणीत तडतडते, मातीत उगवत नाही.

एक सावधगिरी, आणि ही गंभीर आहे. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं बी गुलाबी, हिरवं, निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक किंवा कीडनाशक चोळलेलं असतं. ते नुसतं गाडायच्या वाफ्यात टाकायला हरकत नाही, पण ज्याचा कोवळा पाला किंवा अंकुर खायचे आहेत तिथे अजिबात नको, आणि उरलेलं बी चुकूनही स्वयंपाकघरात नेऊ नका. आमच्याकडे एकदा असं पाकीट मसाल्याच्या डब्यांशेजारी सापडलं होतं. त्यानंतर बियाण्यांचा डबा गोठ्यातच असतो.

किती पेरायचं? तेलासाठी एकरी दोन किलोच्या आसपास पुरतं. आपल्याला दाट हवी, म्हणून दुप्पट-अडीचपट. तुमच्या हिशेबात १०० चौरस फुटांना १०-१२ ग्रॅम, सपाट भरलेले तीन छोटे चमचे. पूर्ण अर्ध्या गुंठ्याला ५५-६५ ग्रॅम झाले. बी बारीक आहे, हात भरून फोकलंत की एकीकडे गालिचा आणि एकीकडे टक्कल. चाळलेल्या वाळूत मिसळून एकदा उभं आणि एकदा आडवं फोका, दाताळ्याने अर्धा इंच माती वर ओढा, पाय न देता फळीने हलकंसं दाबा. हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला असेल तर ती उत्तम वेळ. चित्रा नक्षत्र संपायच्या आत, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, पेरणी झाली पाहिजे असा माझा कटाक्ष असतो. उशिरा, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेल्या मोहरीवर मावा असा बसतो की दांडा दिसत नाही.

पेरायच्या आधी १०० चौरस फुटांना पाव किलो जिप्सम टाका. तिखट द्रव्यात गंधक असतं, आणि जमिनीतच गंधक नसेल तर मोहरी आणणार कुठून? जिप्सममुळे काळी मातीही जरा मोकळी होते. शेणखत-कंपोस्ट असेल ते घाला. मोहरी कडधान्याच्या कुळातली नाही, हवेतलं नत्र ती बांधत नाही. पावसाळ्यानंतर मातीत राहिलेलं नत्र उचलून पाल्यात साठवते आणि गाडल्यावर परत देते. बँकेत ठेवलेल्या पैशांसारखं ते, कमाई नव्हे. आणि मायकोरायझाची (मुळांशी जोडी करणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर या वाफ्यात वाया घालवू नका, मोहरीच्या कुळाचं त्या बुरशीशी सख्यच नाही. ती पुढे टोमॅटोच्या खड्ड्यात टाका.

आता पाला खायचं आणि गाडायचं, दोन्ही एकाच झाडाकडून मागू नका. पानं खुडत गेलात की झाड खुरटतं, गाडायला दांडेच उरतात, आणि तिखट द्रव्याचा मोठा भाग नेमका तुमच्या कढईत गेलेला असतो. मी वाफ्याचे दोन भाग करतो. चार भागांतला एक भाजीचा, ओळीत पेरलेला, ओळींत फूटभर आणि झाडांत वीतभर अंतर. बाकीचे तीन भाग गाडायचे, दाट फोकलेले, तिकडे हात लावायचा नाही. दाट भागातलं बी रंगीत, औषध चोळलेलं नसेल तर विरळणीचं जे निघतं तेवढं मात्र खा, ते पंधरा-वीस दिवसांचं असतं आणि अतिशय कोवळं.

भाजीच्या ओळींतून पंचवीस-तीस दिवसांत पहिली पानं निघतात. बाहेरची दोन-तीन खुडायची, गाभा ठेवायचा. थंडी वाढली की चव गोडसर होते, ऊन वाढलं की तिखट आणि कडू. फुलाचा दांडा वर आला की पानं राठ होतात, पण तो दांडा कोवळा असतानाच मोडून, साल काढून भाजीत घातला तर पानांपेक्षा सरस लागतो. पंजाबी लोक त्याला गंदल म्हणतात आणि सागात तो आवर्जून घालतात.

आपल्याकडे मोहरीच्या पाल्याची फारशी परंपरा नाही, म्हणून पहिल्यांदा नुसत्याच पाल्याची भाजी केली की घरचे नाक मुरडतात. सरसोंच्या सागातही नुसती मोहरी नसते. त्यात बथुआ असतो, आणि बथुआ म्हणजे आपला चाकवत. मंडईत थंडीत चाकवताच्या जुड्या असतातच. दोन वाट्या मोहरीच्या पाल्याला एक वाटी चाकवत किंवा पालक, भिजवलेली चणाडाळ आणि दाणे घालून शिजवा, घोटा, ताकात बेसन कालवून लावा आणि वरून लसणाची भरपूर लाल फोडणी. ताकाने तिखटपणा मऊ होतो. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही पातळ भाजी मला तरी मक्याच्या रोटीवरच्या सागाइतकीच आवडते. कोवळी पानं बारीक चिरून, दही आणि दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करता येते. तिथे मात्र कच्ची असल्यामुळे झणका राहतो, मुलांना बेताने द्या. घरात कुणाला रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं हे ध्यानात ठेवा आणि रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारा.

किडींचं जास्त सांगत नाही. रोपं लहान असताना काळ्या अळ्या पानांना भोकं पाडतात, सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाका. लहान रोपांवर काळे-नारिंगी ठिपक्यांचे ढेकूण दिसले तर पाण्याची पाळी द्या आणि झाड हलवून खाली पाडा. मावा आलाच तर गाडायच्या भागात मी काही फवारत नाही. थोडा मावा असला की ढालकिडे जमतात, आणि झाडं तशीही जाणारच असतात. भाजीच्या ओळींत निंबोळी अर्क, आणि खुडण्याआधी धुण्यात आळस नको. पानांच्या मागे पांढरे खडूसारखे फोड आले तर तो पांढरा तांबेरा, ती पानं काढून वाफ्याबाहेर न्या.

कोबीवाल्या शेतकऱ्यांची एक युक्ती जाता जाता सांगतो. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावतात, एक कोबी लावायच्या पंधरवडा आधी आणि दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीवर अंडी घालायला जातो आणि कोबी वाचतो. मोहरी तिथे सापळा आहे. पण त्यातूनच हेही उघड होतं की कोबीच्या किडींना मोहरी आवडते. म्हणून गाडलेल्या मोहरीच्या जागी कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा लगेच घेऊ नका. एकाच कुळाचं पीक एकामागोमाग आलं की रोगकिडी घर बदलत नाहीत.

आता मुख्य काम, गाडणी.

पेरणीपासून पंचेचाळीस ते पंचावन्न दिवसांत पहिली पिवळी फुलं दिसायला लागतात. दहातल्या दोन-तीन झाडांना फुलं दिसली की दिवस ठरवायचा. त्या वेळी पाला भरपूर असतो, तिखट द्रव्यही भरात असतं आणि दांडे अजून लाकडी झालेले नसतात. नेमकी हीच वेळ मोहाचीही. पिवळाधमक वाफा, त्यावर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांची गर्दी, घरातली माणसं फोटो काढतात आणि म्हणतात, आठ दिवस राहू दे ना! पहिल्या खेपेला मी राहू दिली. आठ दिवसांचे दोन महिने झाले, शेंगा धरल्या, काही तडकल्या. पुढची तीन वर्षं लसणात, मेथीत, गाजरात, जिथे नको तिथे मोहरी उगवत होती. दांडे इतके राठ झाले की गाडल्यावर महिना झाला तरी कुजेनात, आणि ते कुजवायला मातीतलं नत्र ओढलं गेल्यामुळे पुढचं पीक पिवळं पडलं. मधमाश्यांसाठी भाजीच्या ओळींतली दोन-चार झाडं फुलू द्या, बाकीच्यांवर दया नको.

आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्या, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही, अशी वाफशावर येते. सकाळी किंवा संध्याकाळी सुरुवात करा, भर दुपारी नको. दोघं जण लागतात. एकाने चार-पाच फुटांचा पट्टा धरून जमिनीलगत कापायचा आणि धारदार कोयत्याने बोट-बोटभर तुकडे करायचे. ब्रश कटर असेल तर आणखी छान, तो उभ्या झाडाचाच चुरा करतो. कोयत्याच्या पाठीने ठेचलंत तर त्याहून उत्तम, कारण कापण्यापेक्षा ठेचण्याने पेशी जास्त फुटतात. दुसऱ्याने त्याच्यामागोमाग कुदळीने तो चुरा चार ते सहा इंच खोल मातीत मिसळायचा. कापणं आणि मिसळणं यांत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. सगळं कापून मग सगळं गाडू, असं केलंत की अर्धा झणका शेजाऱ्यांकडे जातो. नाकाला झोंबायला लागलं तर काम बरोबर चाललंय असं समजा. हो, हा वायू आणि युद्धातला मस्टर्ड गॅस यांचा नावापलीकडे काही संबंध नाही. एका सोसायटीत मला हा प्रश्न खरंच विचारला गेला होता.

पट्टा पुरा झाला की झारीने पाणी, फळीने माती दाबायची आणि ताडपत्री किंवा प्लास्टिक अंथरून कडा विटांनी दाबायच्या. बहुतेक वायू पहिल्या काही तासांत, उरलेला दोन-चार दिवसांत निघतो. तो खाली अडवायचा असेल तर प्लास्टिक लगेच पडलं पाहिजे, संध्याकाळी आठवण झाल्यावर नव्हे. आठ-दहा दिवस ते तसंच ठेवा. चांगली वाढलेली मोहरी असेल तर १०० चौरस फुटांना वीस-पंचवीस किलो ओला पाला निघतो. तुमचा दहाच किलो निघाला तर ते हिरवळीचं खत झालं असं धरा आणि सूत्रकृमीसाठी निंबोळी पेंडीवर भर द्या, चौरस मीटरला पाव किलो. पाला कमी पडला तर लाकडी घाण्यावरची मोहरीची पेंडही थोडी मिसळता येते. घाण्यात ती फार तापत नाही, म्हणून तिच्यात थोडाफार झणका उरलेला असतो. एक्सपेलरच्या (तेल काढायच्या यंत्राच्या) तापलेल्या पेंडीत तो बहुतेक गेलेला असतो, तिचं खत तेवढं होतं.

गच्चीवर कुंड्यांत करणार असाल तर रीत हीच. ठेचा, वरच्या पाच इंचांत मिसळा, पाणी द्या, कुंडीच्या तोंडाला प्लास्टिक बांधा. कुंडीत हे उलट जास्त नीट होतं, कारण माती थोडी आणि तोंड बंद. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्र बुरशी), गांडूळखत असल्या जिवंत गोष्टी मात्र त्याच आठवड्यात टाकू नका. झणका मित्र-शत्रू ओळखत नाही, गांडुळंही तिथून हलतात. पंधरा-वीस दिवसांनी घाला.

गाडणी केली त्याच आठवड्यात टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाका, स्वच्छ कोकोपीटमध्ये, बागेतल्या मातीत नाही. नाहीतर रोपाबरोबर सूत्रकृमीच परत वाफ्यात नेऊन लावाल. चार-पाच आठवड्यांत रोपं तयार होतात, तेवढ्यात वाफाही. एका वर्षी घाईत मी प्लास्टिक पाचव्या दिवशी काढून दुसऱ्या दिवशी रोपं लावली होती. आठवड्यात कडा करपल्या, मुळं तपकिरी पडली आणि दीडशे रोपं पुन्हा आणावी लागली. जो झणका सूत्रकृमीला सोसत नाही, तो कोवळ्या मुळालाही सोसत नाही. तीन आठवडे थांबायचंच.

तीन आठवड्यांनंतरही शंका असेल तर घरातच एक चाचणी करता येते, त्यासाठी अळीव लागतात, लाडवांचे तेच. झाकणाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत गाडलेल्या वाफ्यातली चार-पाच इंच खोलवरची ओलसर माती अर्धी भरा, दुसरीत बागेच्या दुसऱ्या कोपऱ्यातली, जिथे मोहरी नव्हती तिथली. दोन्हींवर ओल्या कापसाचा पातळ थर, त्यावर चिमूटभर अळीव, आणि झाकण घट्ट. बरण्या सावलीत ठेवा. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतात. दोन्ही बरण्यांत सारखेच हिरवे दिसले तर दुसऱ्या दिवशी टोमॅटो लावा. वाफ्याच्या बरणीतले खुंटलेले किंवा तपकिरी टोकांचे दिसले तर वाफा एकदा कुदळीने हलवून मोकळा करा, आठवडाभर उघडा ठेवा आणि नव्या अळिवांनी पुन्हा बघा.